माझी अब्दागिरी

शेजाऱ्याशी बिनसलं तर माणूस कुंपण उंच करतो. मेव्हण्याशी बिनसलं तर दिवाळीला जात नाही. साहेबाशी बिनसलं तर युनियन असते. पण सूर्याशी बिनसलं तर कोणाकडे जावं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आमचे वडील त्याला रोज पहाटे अर्घ्य देत. मी मात्र जन्मभर त्याच्यानंतर दोन तासांनी उठत आलो. आता त्याचा राग त्यानं सत्तरीच्या घरातल्या माणसाच्या कातडीवर काढावा, हे काही देवाच्या इभ्रतीला शोभत नाही.

गेली काही वर्षं मला ऊन सोसत नाही. सोसत नाही म्हणजे घाम येतो, डोकं दुखतं असलं काही नाही. ते सगळ्यांचंच होतं. माझं असं की, निगडीच्या भाजीबाजारात सकाळी दहाला पाव किलो मिरच्या घ्यायला जावं आणि दुपारपर्यंत आपणच मिरचीसारखं व्हावं. पापण्या सुजतात, मान लाल होते, हातांच्या मागच्या बाजूला चट्टे उठतात आणि मग जी खाज सुटते तिचं वर्णन घरगुती पुस्तकात करता येणार नाही.

यावर प्रथम शेजाऱ्यांनी उपचार केले. आपल्याकडे डॉक्टर हा नेहमी पाचव्या क्रमांकावर येतो. एका शेजाऱ्यानं बावचीचं तेल आणून दिलं. "लावा आणि उन्हात बसा," म्हणाला. मी लावणारच होतो, पण उन्हात बसायचं या अटीनं थबकलो आणि वाचलो. पुढे कळलं की बावची हे आयुर्वेदातलं जुनंजाणतं औषध आहे, पण ते कोडावरचं. तिच्यात सोरालेन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याचं काम मुळी कातडीला उन्हाबद्दल हळवी करणं हेच. इजिप्तमध्येही नाईलकाठच्या एका वनस्पतीचा लोक याच कामासाठी उपयोग करत, आणि १९४० च्या दशकात कैरोच्या डॉक्टर एल मोफ्ती यांनी तिच्यातल्या द्रव्यावर रीतसर प्रयोग केले. म्हणजे ज्या गुणासाठी जगानं हे तेल वापरलं, तो गुण माझ्यात निसर्गानं फुकट घातला होता. वर आणखी तेल लावलं असतं तर मला थेट मंगळवारच्या भाजलेल्या वांग्यांत मोजावं लागलं असतं.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आधी माझ्या कानामागे पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, मान वर करा," आणि हनुवटीखाली पाहिलं.

"इथंही आहे," त्या म्हणाल्या. "हनुवटीखाली ऊन पोचतं का हो?"

मी म्हटलं, "ऊन सोडा, दाढीचा ब्रशही नीट पोचत नाही."

"मग हे एकट्या उन्हाचं काम नाही. हे हवेतून येणाऱ्या कशाचं तरी आहे. तुमच्या घराच्या आसपास गाजर गवत आहे का?"

या प्रश्नावर मी हसलो. प्राधिकरणात राहणाऱ्या माणसाला गाजर गवत आहे का म्हणून विचारणं म्हणजे कोळ्याला घराजवळ पाणी आहे का म्हणून विचारण्यासारखं.

इथं थोडा इतिहास सांगणं भाग आहे. काँग्रेस गवत, गाजर गवत, चटक चांदणी अशी लाडकी नावं असलेलं हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. ते आपल्याकडे अमेरिकेतून आलेल्या पीएल ४८० च्या गव्हाबरोबर आलं, असं सगळे सांगतात. तसं त्याचं नाव एका वनस्पतियादीत १८१४ सालीच सापडतं. पण स्वतंत्र भारतात त्यानं आपलं बस्तान बसवलं आणि ते शास्त्रज्ञांच्या नजरेत भरलं ते पुण्यात. १९५६ साली तशी नोंद छापून आली. पुण्याला अनेक गोष्टींचा पहिला मान आहे आणि त्यांची यादी पुणेकर तोंडपाठ म्हणून दाखवतात. या एका मानाचा उल्लेख मात्र मी अजून कुठल्या भाषणात ऐकलेला नाही.

आणि त्याच सुमारास आमच्या पिंपरीचं नशीब फिरलं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. १९६२ मध्ये एमआयडीसी आली. मग कारखाने आले, कारखान्यांभोवती कुंपणं आली, कुंपणांच्या आत "भविष्यातील विस्तारासाठी" राखलेल्या मोकळ्या जागा आल्या आणि त्या जागांत गवत आलं. १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली प्राधिकरण झालं, १९८२ साली महापालिका झाली. दर वेळी नव्या जागा मोकळ्या झाल्या, दर वेळी तिथं इमारतींच्या आधी गवत राहायला आलं. एक झाड दहा-पंधरा हजार बिया सहज टाकतं. त्याला ना प्लॉटचा हप्ता, ना बांधकामाचा परवाना. पिंपरी-चिंचवडचा पहिला खरा रहिवासी कोण, असा वाद निघाला तर माझं मत या गवताला आहे.

मी १९७६ साली इथं नोकरीला आलो, तेव्हा कारखान्याच्या मागे ते कमरेइतकं उंच होतं. वर पांढरी बारीक फुलं. लांबून फार छान दिसे. नुकताच मुलगी पाहून आलेला होतो, त्यामुळे मला तेव्हा सगळंच छान दिसे. दोन वर्षांनी आमच्या खात्यानं श्रमदान काढलं. रविवारी सकाळी चाळीस माणसांनी हातांनी ते गवत उपटलं. हातमोजे मिळतील असं परिपत्रकात होतं, परिपत्रक मिळालं. मी एकट्यानं सर्वांत जास्त भारे काढले म्हणून मला स्टीलचा पेला मिळाला. त्या पेल्यातून मी अजून पाणी पितो आणि त्या भाऱ्यांची खाज अजून खाजवतो.

"पण ती गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची," मी डॉक्टरबाईंना म्हटलं.

त्यांनी सांगितलं ते मला विमा एजंटाच्या भाषेतच कळलं. ॲलर्जी ही पॉलिसीसारखी असते. हप्ते तरुणपणी भरायचे, रक्कम म्हातारपणी हातात येते. या गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य वर्षानुवर्षं धुळीबरोबर अंगावर बसत राहतं. एक दिवस कातडी म्हणते, पुरे. याच्यावर पुण्यातल्याच डॉक्टरांनी आणि रसायनशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लिहिलेलं आहे. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी पाहिल्या, तेव्हा गवताची पट्टी होती तिथं माझी पाठ पोळलेल्या पोळीसारखी उठली होती. गवतावरचा गुन्हा शाबीत झाला.

"आता प्रश्न एवढाच," डॉक्टरबाई म्हणाल्या, "की एकटं गवतच आहे, की इतक्या वर्षांत कातडी उन्हालाही बिघडली आहे. काही जणांत तसं होतं. मग गवत नसलं तरी ऊन बाधतं. गवतच असेल तर जिथं ते नाही अशा ठिकाणी राहायला गेलात की आराम पडेल."

राहायला गेलात की! हे वाक्य त्या सहज बोलल्या. पण आमच्या घरात त्यावरून तीन महिने जे झालं त्याला युद्ध म्हणता येणार नाही, कारण दोन्ही बाजू एकमेकांना चहा करून देत होत्या.

बंगळूरहून चिरंजीवांनी फोन केला, "बाबा, तुम्ही दोघं इकडेच या." हे मी डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं, तर त्या मोठ्यानं हसल्या. बंगळूर म्हणजे या गवताची दुसरी राजधानी. मेक्सिकोतून या गवताचा पाला खाणारा भुंगा भारतात आणला तोही १९८४ साली बंगळूरलाच. रोग नसता तर डॉक्टर कशाला आणला असता? तेव्हा बंगळूर बाद झालं.

उरलं मालवण. मालवण हे आमच्या सौभाग्यवतींचं माहेर. तिथं मेव्हण्यांचं कौलारू घर रिकामं आहे, आणि कोकणात हे गवत त्यामानानं कमी. ही तोंडानं काहीच म्हणाली नाही. फक्त रोज जेवताना "मालवणला आता नळाला चोवीस तास पाणी असतं म्हणे," किंवा "दादाच्या घरी पडवी केवढी आहे!" अशी सुटी वाक्यं येऊ लागली. मी निगडी सोडायला तयार नव्हतो. भविष्यनिर्वाह निधी मोडून, को-ऑपरेटिव्ह बँकेचं कर्ज काढून आणि पाच वर्षं एकाच स्वेटरवर थंडी काढून मी हे घर बांधलं होतं. एका गवतासाठी ते सोडायचं? मी आत आणि ते बाहेर, ही व्यवस्था मला चालली असती. पण त्यालाच आत यायचं होतं.

अशात माझी सत्तरी आली आणि चिरंजीवांनी आम्हा दोघांना मुंबई–गोवा–लक्षद्वीप अशी जहाजाची पाच रात्रींची सहल बक्षीस दिली. ऊन बाधणाऱ्या बापाला समुद्रावर पाठवायची कल्पना फक्त संगणक शिकलेल्या मुलालाच सुचू शकते. मी तिकिटं परत करायला निघालो होतो. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, जाच. समुद्रावर गवत नाही. अंग पूर्ण झाकून राहा, आणि परत आलात की मला दाखवा. कळेल तरी."

म्हणजे ही सहल नव्हती. पाच दिवसांची सुनावणी होती. सहीसलामत परत आलो तर गवत दोषी आणि मालवण अटळ. भाजून परत आलो तर सूर्यही दोषी. मग मालवण काय आणि निगडी काय, जन्मभर पडदे लावून बसणं आलं. आरोपीच्या पिंजऱ्यात दोघं, आणि शिक्षा दोन्हींकडून मलाच.

जायला तीन आठवडे होते. कुठल्याही संकटात मी आधी वाचनालय गाठतो. ही सवय चांगली आहे, निदान तिथं सावली असते. उन्हापासून लोक आजवर कसे वाचले ते शोधू लागलो, तेव्हा पहिला शोध आमच्या मराठीतच लागला. देवाच्या पालखीबरोबर उंच दांड्यावर ती पानाच्या आकाराची, जरीच्या कापडाची अब्दागिरी असते ना, ती मी लहानपणापासून शोभेची वस्तू समजत होतो. तो शब्द फारसी आफ्ताबगीरचा मराठी अवतार आहे. आफ्ताब म्हणजे सूर्य. त्याला अडवून धरणारी ती अब्दागिरी. राजाच्या मर्जीशिवाय ती कोणी मिरवू शकत नसे. लढाई मारली, मोठी कामगिरी केली की सरदाराला पालखीचा आणि अब्दागिरीचा मान मिळे. म्हणजे ऊन न लागणं हा एके काळी सरकारी किताब होता! हे मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "तुम्ही काय मारलंत?" मी स्टीलच्या पेल्याकडे बोट दाखवलं.

साहेबाच्या राज्यात या मानाची टोपी झाली. सोला हॅट आपण चित्रांत पाहिलेली असते आणि तिचा संबंध सोलर म्हणजे सूर्याशी जोडून मोकळे होतो. तो सोला म्हणजे दलदलीत वाढणारी शोला नावाची वनस्पती. तिचा गाभा कापसासारखा हलका आणि पांढरा असतो. बंगाली नवरदेवाचा मुकुटही त्याचाच करतात. त्या गाभ्याची टोपी साहेबानं डोक्यावर घातली आणि तिच्यावर एक शास्त्र उभं केलं. हिंदुस्थानच्या उन्हात काही खास किरण असतात, ते गोऱ्या माणसाच्या कवटीतून थेट मेंदूत शिरतात, असं त्याच्या डॉक्टरांना मनापासून वाटे. काहींना ते पाठीच्या कण्यातूनही शिरतात असं वाटे, म्हणून शर्टाच्या आत पाठीवर फ्लॅनेलची जाड गादी बटणांनी लावत. मे महिन्यात फ्लॅनेल! उन्हानं जे झालं नसतं ते गादीनं होत असणार. विलायतेहून येणारे लोक सुवेझच्या तोंडाशी पोर्ट सैदला उतरून या टोप्या घेत, आणि कायमचे परत जाताना तेच बंदर मागे पडलं की त्या समुद्रात भिरकावत. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातून ही टोपी मागे पडली. टोपीवाचून कोणाचा मेंदू वितळला नाही, तेव्हा ते शास्त्रही निमूटपणे टोपीमागोमाग बुडालं.

पण त्याच आगबोटींच्या गोष्टींत मला एक उपयोगाची चीज सापडली. आपण ज्याला "पॉश" म्हणतो, तो शब्द म्हणे जहाजाच्या तिकिटावरून आला. विलायतेहून इकडे येताना जहाजाची डावी बाजू सावलीची आणि परत जाताना उजवी. श्रीमंत लोक तशा खोल्या घेत आणि त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर मारलेली असत. गोष्ट सुंदर आहे आणि बहुधा साफ खोटी, कारण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही. मी मात्र कागदावर मुंबई काढली, खाली लक्षद्वीप काढलं आणि हिशेब केला. दक्षिणेला जाताना डावी बाजू पूर्वेची, उजवी पश्चिमेची. दुपारचं तिरपं ऊन टाळायचं तर जाताना डावीकडची खोली हवी, येताना उजवीकडची. मी बुकिंगच्या मुलीला फोन करून तशी विनंती केली.

ती अत्यंत नम्रपणे म्हणाली, "काका, वास्तूचं आहे का?"

मी "हो" म्हणून टाकलं. सूर्य, टोपी, साहेब हे सगळं फोनवर कुठं सांगत बसणार? अर्ध्या तासानं तिनंच कळवलं की डावी-उजवी काही नाही, तुमची खोली मधली आहे, तिला खिडकीच नाही. चिरंजीवांनी सर्वांत स्वस्त तिकीट काढलं होतं. मुलाची काटकसर बापाला पहिल्यांदाच औषधी पडली.

राहता राहिला मलमांचा इतिहास. त्यातला आरंभ मला फार आवडला. उन्हानं कातडी पोळते ती उष्णतेनं नव्हे, हे आपल्या लवकर लक्षात आलेलं नाही. योहान रिटर नावाच्या जर्मनानं १८०१ साली जांभळ्याच्या पलीकडले न दिसणारे किरण शोधले. १८२० साली एव्हरार्ड होम या इंग्रज शल्यवैद्यानं आपला एक हात उघडा आणि एक काळ्या कापडाखाली असे दोन्ही उन्हात धरले. कापडाखालचा हात जास्त तापला, पण पोळला उघडा हात! कोडं सुटायला १८८९ साल उजाडलं. विडमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरानं पोळण्याचा आरोप त्या न दिसणाऱ्या किरणांवर सिद्ध केला. समुद्रावर माणूस फसतो तो इथंच. वारा गार लागतो, म्हणून आपण म्हणतो ऊन नाहीच. किरण गार वाऱ्याला विचारून येत नाहीत. वाळू त्यांतले सुमारे १५ टक्के परत वर उडवते, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के. आणि छत्रीत बसलात तरी सगळ्या आभाळातून ते शिंपडल्यासारखे येतातच.

पुढची गोष्ट मात्र उलटीच आहे. १९२० च्या दशकात कोको शनेल ही फ्रेंच फॅशनवाली बाई एका सरदाराच्या नौकेवरून सहल करून उतरली ती उन्हानं रापूनच, आणि तेव्हापासून युरोपात रापलेली कातडी ही श्रीमंतीची खूण झाली, असं सांगतात. ज्यांची अब्दागिरी आपल्याला परवडत नव्हती ते लोक आता पैसे भरून ऊन खाऊ लागले. मग पोळणं आलं, मग मलम आलं. फ्रान्झ ग्रायटर नावाचा विद्यार्थी १९३८ साली पिझ बुइन या आल्प्सच्या शिखरावर चढताना भाजला आणि १९४६ साली त्यानं हिमनदीच्या नावाचं मलम काढलं. महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यानं तर विमान पडून समुद्रात तराफ्यावर अडकणाऱ्या वैमानिकांसाठी जनावरांचं लाल व्हॅसलीन दिलं होतं. आम्ही कारखान्यात बेअरिंगला लावत होतो त्याचंच हे भावंडं दिसतं.

आजच्या ट्यूबवर ३०, ५० असे आकडे असतात. ते आकडे खरे ठरायला मलम दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे सगळ्या अंगाला एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर, आणि ते दर दोन तासांनी. आपण पोळीला तूप लावतो तसं लावलं तर पन्नासाचा आकडा कुठल्या कुठे खाली येतो. मी ट्यूबची किंमत पाहिली, माझ्या अंगाचं क्षेत्रफळ काढलं, पाच दिवसांनी गुणलं आणि ठरवलं, की तोंड, मान आणि हात मलमाला द्यायचे, बाकीचा मी कापडाला.

कापडाच्या बाबतीत मात्र आम्हां पुणे-पिंपरीकरांना कोणी शिकवायला नको. दुचाकीवरच्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, वर गॉगल आणि हातात खांद्यापर्यंतचे मोजे. सख्ख्या बापाला चौकात मुलगी ओळखू येत नाही. लोक त्यावर विनोद करतात; मीही केले. पण घट्ट विणीचं कोरडं कापड हे कुठल्याही ट्यूबपेक्षा भरवशाचं, आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. शेजारच्या अकरावीतल्या मुलीकडून मी तो स्कार्फ बांधायला शिकलो. "काका, नाकावरून आधी, मग मागे गाठ," ती सांगत होती. चार दिवसांत मला येऊ लागलं. आरशात पाहिलं, तर मी फर्ग्युसन रस्त्यावरून शिकवणीला निघालोय असंच वाटत होतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर बॅलार्ड पियरला पोचलो. याच धक्क्यावर एके काळी टोपीवाले साहेब उतरत. माझ्या टोपी, गॉगल, स्कार्फ आणि हातमोज्यांकडे पाहून पहारेकऱ्यानं मला तीन वेळा बाजूला घेतलं. आमचे आजोबा समुद्र ओलांडल्याबद्दल पंचगव्य घ्यायला लावणाऱ्या पिढीतले; त्यांच्या नातवाला समुद्रावर जाण्यासाठी तोंड उघडून दाखवावं लागलं, हे प्रायश्चित्त पुरे आहे.

जहाजावर मला आपल्या लोकांबद्दल नवा आदर वाटला. भर दुपारी सगळ्यांत वरचा डेक रिकामा. साहेब असता तर तिथं उताणा पडला असता. आपले सर्व प्रवासी खाली बुफेच्या रांगेत, आणि नंतर आपापल्या खोलीत वामकुक्षीला. साडेपाचला चहा घेऊन सगळे वर. डॉक्टरबाई सकाळी दहा ते दुपारी चार टाळा म्हणतात. आपण ते नियम म्हणून नव्हे, जेवण जड झालं म्हणून पाळतो.

ही मात्र दिवसभर वर सावलीत बसून राही. लहानपणी ती मालवणहून मुंबईला आगबोटीनं येई. पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, डेकवर ताडपत्रीच्या सावलीत आईनं चादर टाकून जागा अडवायची, ऊन सरकलं की चादर सरकवायची. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर बोट असे. "कोकण सेवक" आणि "कोकण शक्ती" ही नावं ती माहेरच्या माणसांच्या नावांसारखी घेते. १९८० च्या दशकानंतर त्या बोटी गेल्या. इथल्या वातानुकूलित दिवाणखान्यात तिला चैन पडेना. "इथं चादर टाकायला जागाच नाही," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी माझी मान स्वच्छ होऊ लागली. चौथ्या दिवशी आरसा पाहिला, तर पापण्यांना मूळचा आकार आलेला. कानामागची खाज बंद. मी हे हिला सांगितलं नाही. पण तिनं पाहिलं होतं. ती काही बोलली नाही. फक्त त्या दिवशी तिनं माझ्यासाठी दोनदा सरबत आणलं. मालवणच्या पडवीत झोपाळा कुठं टांगायचा हेही तिनं बहुधा ठरवलं असणार.

त्याच दिवशी लक्षद्वीपला छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेलं. वाळू पिठीसाखरेसारखी पांढरी. साडेअकराची वेळ, पायाखाली आखूड सावली. मी डोक्यापासून घोट्यापर्यंत कडेकोट बंदोबस्तात होतो. ट्यूबमधलं मलम तोळ्यानं मोजून तोंडाला लावलेलं. एक माणूस म्हणून जेवढी तयारी करता येते तेवढी केली होती. पायांत सँडल होत्या.

संध्याकाळी पाय पाहिले. प्रत्येक पायावर तीन पांढऱ्या पट्ट्या, आणि मधली सगळी जागा लालभडक, फुगलेली, खाजणारी. पेशव्यांनी अब्दागिरी दिली ती डोक्यावर धरायला. पायांचा विचार त्यांनीही केला नव्हता.

परतीच्या रात्री आम्ही दोघं वर गेलो. सूर्य नव्हता, त्यामुळे सहा दिवसांत पहिल्यांदा मी उघड्या डोक्यानं आभाळाखाली उभा होतो. लांब किनाऱ्यावर एका दीपगृहाचा प्रकाश फिरत होता. "ते मालवण," ही म्हणाली. जवळून जाणाऱ्या खलाशाला मी विचारलं, तर तो म्हणाला, "नाही काकी, मालवण मागेच गेलं." ही त्यावर काही न बोलता तो दिवा दिसेनासा होईपर्यंत कठड्याशी उभी राहिली. माझ्या पायांची आग होत होती. मी खाजवलं नाही.

डॉक्टरबाईंनी आधी कान पाहिले, मग हनुवटी, आणि शेवटी मी मोजे काढले. त्या पट्ट्यांकडे बघून म्हणाल्या, "वा! हे तर पुस्तकात छापण्यासारखं आहे." आयुष्यात मी लिहिलेलं काही पुस्तकात छापावं असं कोणी म्हटलं नव्हतं, पायांवरून का होईना, म्हटलं.

"दोन्ही आहे, काका. गवतही आणि ऊनही. गवत नसलेल्या जागी गेलात तर बराच फरक पडेल, पण ऊन तिथंही सांभाळावं लागेल. मालवणला काय, समुद्राच्या वाळूवर ऊन जास्तच. इथंच राहायचं असेल तर घराभोवतीचं गवत फुलायच्या आधी काढून घ्या. तुम्ही हात लावायचा नाही. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि काढणारा माणूस दुसरा."

घरी येईपर्यंत रिक्षात ही काही बोलली नाही. रात्री तिनं मेव्हण्यांना फोन लावला. मी पलीकडच्या खोलीत होतो. "दादा, तू ते घर कोणाला भाड्यानं द्यायचं असेल तर दे," एवढंच ऐकू आलं. मग नळाच्या पाण्याबद्दल विचारलं.

परवा रविवारी सकाळी सातला ती शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये शिरली. हातांत जुने मोजे, तोंडाला माझा स्कार्फ, नाकावरून आधी, मग मागे गाठ. मी घरात, खिडकी बंद करून, काचेपासून चार हात दूर. काचेतूनही काही किरण येतात असं वाचलंय. ती एकेक झाड मुळासकट काढून पोत्यात भरत होती. आठ वाजता ऊन प्लॉटवर आलं. तिनं खिडकीवर टकटक केली.

"अहो, ती छत्री द्या बाहेर. मला ऊन लागतंय."

मी छत्री गजांतून बाहेर दिली. ती म्हणाली, "नुसती देऊ नका, धरा." मग मी मोजे, टोपी, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला, आणि खिडकीच्या आतून हात जेवढा पोचेल तेवढा बाहेर काढून तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलो. समोरच्या बंगल्यातली मंडळी चहा पीत आमच्याकडे पाहत होती. पोती एकूण तीन भरली.